दुखतो म्हणून हात वाचतो



आज मला तुमच्याशी हाताविषयी बोलायचे आहे. कोणी म्हणेल, "गुरुजी, हात तर आम्ही जन्मापासून वापरतो. त्यात नवीन ते काय सांगणार?" खरे आहे. पण रोजच्या वापरातली वस्तूच आपण नीट पाहत नाही. आपल्याच घराच्या ओट्याला पायऱ्या किती, हे चटकन सांगता येईल का? हाताचेही तसेच आहे.

वणीच्या गडावर तुम्ही सप्तशृंगी देवीचे दर्शन घेतले असेल. देवीला अठरा हात आहेत. आपल्याला दोनच. पण या दोन हातांनी माणूस काय काय करतो, पाहा. निफाड-दिंडोरीकडे तो द्राक्षबागेची छाटणी करतो. लासलगावच्या बाजारासाठी कांदा निवडतो. येवल्याला मागावर पैठणी विणतो. नाशकात तांब्यापितळेची भांडी ठोकतो. सिन्नरकडे बायाबापड्या विड्या वळतात. आणि तुमचेच बघा. काल-परवापर्यंत तुमच्यातले कित्येक जण कागदावर अंगठा उठवत होते. आज त्याच अंगठ्याने पेन धरतात आणि आपली सही करतात. अंगठा तोच, पण त्याचे काम बदलले.

मी डॉक्टर नाही. मी मॅट्रिक झालेला, जन्म शाळेत घालवलेला माणूस आहे. जे सांगणार आहे ते डॉक्टर मंडळींकडून ऐकून आणि पुस्तकांत वाचून शिकलो. आणि काही एका चुकीतून शिकलो. ती चूक माझी स्वतःची. ती पुढे सांगतो.

ओढणारे स्नायू

आधी खांद्यापासून सुरू करू.

खांद्याशी तीन हाडे एकत्र येतात. गळ्याखालचे आडवे हाड, पाठीवरचा चपटा खवाटा आणि दंडाचे हाड. दंडाच्या हाडाचे टोक गोल असते. ते खवाट्याच्या वाटीत बसते. पण ही वाटी फार उथळ आहे. बशीत लिंबू ठेवावे, तसा हा प्रकार. म्हणून तर हात पुढे, मागे, वर, गोल, सगळीकडे फिरतो. मग ते लिंबू बशीतून निसटत कसे नाही? चार लहान स्नायू त्याला कवटाळून धरतात. त्यांच्यावर बाहेरून एक जाड तिकोनी स्नायू असतो. हात बाजूने वर उचलतो, तो या तिकोनी स्नायूच्या जोरावर. दवाखान्यात दंडावर सुई टोचतात, ती बहुधा यातच.

स्नायू म्हणजे काय? कातडीखाली हाडावर जे मांस असते, ते म्हणजे स्नायू. स्नायूला एकच काम येते. तो आखडतो आणि ओढतो. बैल जसा गाडी ओढतो, तसा. ढकलणे त्याला ठाऊक नाही.

मग हात वाकतो आणि सरळही होतो, तो कसा? ताक घुसळताना रवीची दोरी आठवा. एक टोक ओढले की दुसरे सैल सोडावे लागते. मग दुसरे ओढायचे, पहिले सोडायचे. दंडात अगदी हेच चालते. पुढच्या बाजूला एक स्नायू आहे. मुले त्याची बेटकुळी काढून दाखवतात. तो आखडला की कोपर वाकते. मागच्या बाजूला दुसरा आहे. तो आखडला की कोपर सरळ होते. एक ओढतो, तेव्हा दुसरा सोडतो. दोघांनी एकदम ओढले, तर हात जागच्या जागी ताठ राहतो.

आता एक गंमत करू. उजव्या हाताने डाव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा. डाव्या हाताची बोटे हलवा. काय हलते? कोपराखालचे मांस हलते ना? बोटांमध्ये स्नायू नाहीतच! बोटे हलवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. तिथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिला असेल. माणूस मागे उभा राहून दोऱ्या ओढतो आणि पुढे बाहुली नाचते. आपली बोटे म्हणजे त्या बाहुल्या.

मात्र पंज्यातही काही लहान स्नायू आहेत. अंगठ्याच्या बुडाशी जो उंचवटा आहे, तो त्यांचाच. करंगळीखालीही तसा उंचवटा आहे. तळहाताच्या हाडांमध्येही बारीक स्नायू दडलेले आहेत. जड ओझे उचलणे हे कोपराखालच्या मोठ्या स्नायूंचे काम. सुईत दोरा ओवणे, शर्टाची गुंडी लावणे, अक्षर वळवणे हे या लहान स्नायूंचे काम. घरात जसे थोरही लागतात आणि पोरेही लागतात, तसे हातात दोन्ही लागतात.

निरोप नेणारा आणि आणणारा

आता खरी गोष्ट. स्नायूला कोण सांगते, की आता ओढ?

विहिरीवर मोटार बसवली आहे. मोटार नवीकोरी आहे, विहिरीला पाणीही आहे. पण खांबावरून येणारी तार तुटली, तर मोटार चालेल का? नाही. हाताचेही असेच आहे. स्नायू म्हणजे मोटार. तिला हुकूम आणणारी तार म्हणजे मज्जातंतू.

आपण खेड्यातली माणसे सगळ्यालाच 'शीर' म्हणतो. हातावर निळी दिसते तीही शीर. मनगटाशी टणक लागते तीही शीर. आणि 'शीर दबली' म्हणतो तीही शीर. पण या तीन वेगळ्या वस्तू आहेत. निळी शीर म्हणजे रक्ताची वाट. टणक लागते ती कंडरा, म्हणजे ओढण्याची दोरी. आणि निरोप नेणारा तो मज्जातंतू. तो पांढरट धाग्यासारखा असतो आणि बहुतेक ठिकाणी खोल दडलेला असतो.

मेंदूतून हुकूम निघतो. तो पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत येतो. मानेतून दर बाजूला पाच मुळे निघतात. ती गळ्याखालच्या हाडामागून काखेत येतात, एकमेकांत गुंततात आणि पुन्हा वेगळी होतात. त्यांतून मोठे मज्जातंतू तयार होऊन हातात उतरतात. पंज्यापर्यंत पोहोचणारे मुख्य तीन. त्यांची ओळख करून घेऊ.

पहिला, मनगट उचलणारा तंतू. हा दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून येतो. मनगट आणि बोटे वर उचलणे हे त्याचे काम. कधी कोणी थकून दंड खाटेच्या लाकडावर टाकून तसाच झोपतो. सकाळी उठतो तर मनगट लुळे! रात्रभर हा तंतू दबलेला असतो. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत बरा होतो. पण डॉक्टरला दाखवावेच.

दुसरा, मधला तंतू. हा मनगटाच्या मधोमध एका अरुंद बोळातून पंज्यात येतो. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना जाणीव देतो. अंगठा इतर बोटांसमोर आणून टेकवतो तो हाच.

तिसरा, करंगळीचा तंतू. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते ना? तिथेच तो आहे. कोपराच्या आतल्या अंगाला, हाडाच्या मागे, कातडीच्या अगदी जवळ. करंगळीला आणि अनामिकेच्या उरलेल्या अर्ध्या भागाला तो जाणीव देतो. शिवाय पंज्यातल्या बहुतेक लहान स्नायूंवर त्याचाच हुकूम चालतो. करंगळीला आपण लहान समजतो. पण तिचा तंतू लहान नाही.

तुम्ही पेन धरता तेव्हा हे तिघे एकदम कामाला लागतात. पहिला मनगट सावरतो. दुसरा अंगठा आणि बोट जुळवतो. तिसरा बोटांची बारीक हालचाल सांभाळतो. तिघांची एकी असेल, तर अक्षर उमटते.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मज्जातंतू फक्त हुकूम नेत नाही, तो बातमीही आणतो. तवा तापला आहे, काटा बोचला, पाणी गार आहे, या सगळ्या बातम्या बोटांकडून मेंदूकडे जातात. भाकरी उलटताना बाईचे बोट तव्याला लागते आणि कळायच्या आत हात मागे येतो. दुखले, म्हणून बोट वाचले. दुखणे आपल्याला नकोसे वाटते. पण दुखणे हा हाताचा राखणदार आहे. राखणदार झोपला, तर शेतात काय होईल, ते मी सांगायला नको.

माझी चूक

आता माझी गोष्ट सांगतो.

मी मास्तर होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. सन १९८४-८५ चा सुमार. सहावीत एक मुलगा होता. हुशार, शांत. त्याचे अक्षर मोत्यासारखे. दिवाळीनंतर ते बिघडू लागले. ओळी वाकड्या जाऊ लागल्या. मधूनच हातातून पेन गळून पडे. मी रागावलो. वाटले, पोरगा टवाळ झाला. एके दिवशी त्याला पुढे बोलावले, हात पुढे करायला लावला आणि छडी मारली. ती करंगळीच्या बाजूला बसली.

मुले छडी लागली की हात झटकतात, काखेत दाबतात. हा मुलगा नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटले, कोडगा आहे. मी आणखी दोन छड्या मारल्या. तरी तो तसाच. त्याच्या तोंडावर राग नव्हता की रडू नव्हते. मला का मारतात आणि मला लागत का नाही, असे दोन्ही प्रश्न त्याच्या डोळ्यांत होते. मला त्यांतला एकही वाचता आला नाही. दुसऱ्यांना वाचायला शिकवणारा मी!

पुढे त्याच्या करंगळीला चुलीचा भाजलेला फोड आला. त्याला तो कळलाही नव्हता. मग तो शाळेत येईनासा झाला. घरच्यांनी त्याला बुवाकडे नेले, अंगारा लावला आणि लोक काय म्हणतील म्हणून घरातच ठेवले. त्याच्या दंडावर एक फिकट चट्टा होता. बायकांनी त्यावर बाह्या ओढून घेतल्या. चारेक वर्षे अशी गेली. करंगळी आणि अनामिका आत वाकून आकड्यासारखी झाली. अंगठ्याच्या शेजारचे मांस झडून तिथे खळगा पडला.

मग आरोग्य खात्याचा एक माणूस गावात आला. त्याने चट्टा पाहिला. कापसाचे टोक लावून विचारले, लागते का? नाही. कोपरामागे बोट ठेवले. तंतू दोरखंडासारखा जाड लागला. तो म्हणाला, "हा कुष्ठरोग आहे. हा बरा होतो. पण तुम्ही फार उशीर केलात."

कुष्ठरोग हा मज्जातंतूंचा रोग

कुष्ठरोगाचे नाव काढले की माणसे आजही दचकतात. म्हणून सरळ सांगतो. हा रोग पापाने होत नाही, शापाने होत नाही. तो एका जंतूमुळे होतो. १८७३ साली नॉर्वे देशात डॉ. हॅन्सन यांनी हा जंतू शोधला. हा जंतू मज्जातंतूंत घर करतो. अंगाचे थंड भाग त्याला आवडतात. कोपरामागचा तंतू कातडीजवळ आणि थंड जागी असतो, म्हणून तो पुष्कळदा आधी सापडतो. तंतू सुजतो. आधी बातमी बंद होते, म्हणजे बधिरपणा येतो. मग हुकूमही बंद होतो, म्हणजे बोटे वाकडी होतात.

लोक म्हणतात, कुष्ठरोगात बोटे गळून पडतात. हे खरे नाही. डॉ. पॉल ब्रँड नावाचे एक मोठे शल्यवैद्य होऊन गेले. ते १९१४ साली दक्षिणेत तमिळ मुलखातच जन्मले. आईबाप इंग्रज मिशनरी होते. १९४६ पासून ते वेल्लोरच्या रुग्णालयात काम करीत. त्यांनी सांगितलेली एक आठवण अशी. एक गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. एक लहानसा रोगी मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली फिरवून दाखवली. डॉक्टरांना नवल वाटले. मग पाहतात तो मुलाच्या बोटातून रक्त ठिबकते आहे. किल्लीने मांस हाडापर्यंत कापले होते आणि पोराला पत्ताच नव्हता! डॉक्टरांच्या ध्यानात आले, की रोग बोटे खात नाही. बोटांना दुखत नाही, म्हणून ती भाजतात, कापतात, चेंगरतात. जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. राखणदार नाही, म्हणून शेत गेले.

याच डॉक्टरांनी वाकडे हात सरळ करण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. ती समजायला सोपी आहे. चारही बोटांना वाकवायला दर बोटाला दोन-दोन कंडरा असतात. एकीवर काम भागते. म्हणून चांगल्या तंतूच्या हुकमतीतली एक कंडरा सोडवून घ्यायची आणि जिथे दोरी निकामी झाली आहे तिथे जोडायची. एका पाटाचे पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवावे, तसे. मुंबईला जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच काम केले आणि कित्येक रोग्यांचे हात व चेहरे सुधारले. याच अंतियांनी पुढे अलिबागकडच्या मांडवा भागात खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बाया फारशा शिकलेल्या नव्हत्या. पण रोग ओळखायला आणि औषध द्यायला त्या शिकल्या.

आपल्या महाराष्ट्रात कुष्ठरोग्यांना जवळ करणारी माणसे फार आधीपासून होती. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढले. सेवाग्रामला गांधीजी परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत असत. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापली. वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. तिथे वाकड्या बोटांनी विहिरी खणल्या, शेते पिकवली. हात थोडा अधू असला, तरी माणूस अधू होत नाही, हे आनंदवनाने दाखवले.

माझ्या त्या विद्यार्थ्यावर पुढे अशीच शस्त्रक्रिया झाली. पण शस्त्रक्रियेनंतरही काम संपत नाही, बरं का. कंडरेची जागा बदलली, पण मेंदूला ते ठाऊक नसते. जी दोरी कालपर्यंत अनामिका वाकवत होती, तिने आता दुसरेच काम करायचे असते. महिनोन् महिने सराव करावा लागतो. त्या मुलाने तो केला. तुम्ही पहिल्यांदा 'ग' गिरवला तेव्हा हात कसा अडखळत होता, आठवा. तसाच तो अडखळला आणि तसाच शिकला.

काही वर्षांनी तो माझ्या घरी आला. त्याचे लग्न ठरले होते. हातात पत्रिका होती. वर माझे नाव त्याने स्वतः लिहिले होते. अक्षर पूर्वीसारखे मोत्यासारखे नव्हते, पण स्वच्छ होते. त्याने वाकून नमस्कार केला. मी त्याला म्हटले, "बाळा, मी तुला मारले होते." तो म्हणाला, "गुरुजी, तेव्हा मला लागलंच नव्हतं." मंडळी, त्याला ती छडी लागली नव्हती. मला ती त्या दिवशी लागली. अजून दुखते. आणि दुखते म्हणूनच मी गावोगाव हे सांगत फिरतो.

आता काय करायचे?

आज कुष्ठरोगावर पक्के औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. आपल्याकडे ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. महिन्याचे पाकीट मिळते. औषधाने कधी लघवी लालसर होते, कधी कातडी काळवंडते. घाबरू नका आणि गोळी चुकवू नका. औषध सुरू झाले की रोग्यापासून इतरांना लागण होण्याची भीती लवकरच राहत नाही. त्याला वेगळे ताट, वेगळी खोली यांची मुळीच गरज नाही. तसे पाहिले तर बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला दाद न देण्याची शक्ती मुळातच असते.

२००५ सालाच्या अखेरीस आपल्या देशात हा रोग पुष्कळ कमी झाल्याचे जाहीर झाले. पण तो संपला नाही. अजूनही दरवर्षी भारतात नवे रोगी सापडतात. सापडले नाहीत, तर त्यांचे हात जातात. म्हणून लपवू नका. कायदाही बदलला आहे. कुष्ठरोग झाला म्हणून नवराबायकोला घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद होती. ती २०१९ साली काढून टाकली.

एक गोष्ट मात्र वेळेची आहे. औषधाने जंतू केव्हाही मरतो. पण मेलेला तंतू परत जिवंत होईलच, असे नाही. हातात कमजोरी येऊन सहा महिने झाले नसतील, तर सूज उतरवणाऱ्या औषधाने हात पुष्कळदा सुधारतो. फार उशीर झाला, तर वाकडे बोट वाकडेच राहते. औषध चालू असतानाही एकाएकी कोपर दुखू लागले, बोटे दुबळी झाली, तर गोळ्या बंद करू नका. पण त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता दुसरी बाजूही ऐका. हात बधिर झाला म्हणजे कुष्ठरोगच झाला, असे मुळीच नाही. छाटणी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या माणसांच्या मनगटातल्या बोळात मधला तंतू दबतो. रात्री अंगठ्याला आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. हात झटकला की बरे वाटते. मानेतले मूळ दबले, तरी हाताला मुंग्या येतात. मधुमेहातही तंतू बिघडतात, आणि तो बिघाड बहुधा पायांपासून सुरू होतो. कारण कोणतेही असो, ते डॉक्टरनेच ठरवावे.

एकाएकी एक हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर बिघाड हातात नसून मेंदूत आहे. तो अर्धांगवायू असू शकतो. तेव्हा अंगारा नको, मालीश नको. १०८ ला फोन करा आणि मोठे रुग्णालय गाठा. इथे एकेक मिनिट मोलाचे असते.

मनगटाला विळा किंवा काच लागली, तर जखम लहान दिसते, पण आत कंडरा किंवा तंतू तुटलेला असू शकतो. बोटे हलतात का, बोटांना स्पर्श कळतो का, ते पाहा. कळत नसेल, तर हळद दाबून बसू नका. तुटलेला तंतू जोडता येतो. पण तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे महिन्याला इंचभर. म्हणून जोडायला उशीर नको.

घरी करून पाहा

महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांचे हात उजेडात पाहा.

अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे का? तिथे कापसाचे टोक लावले तर डोळे मिटून कळते का?

करंगळीला आणि अंगठ्याला सारखाच स्पर्श कळतो का?

सरळ ठेवलेल्या दोन बोटांत कागदाचा तुकडा धरा. दुसऱ्याने तो ओढावा. तो सहज निसटतो का? तुकडा रद्दीचा घ्या, या पुस्तकाचे पान फाडू नका!

अंगठा करंगळीच्या टोकाला टेकतो का? मनगट उचलता येते का?

एखाद्या भाजल्या-कापल्याच्या खुणेविषयी, 'हे कधी लागले ते कळलेच नाही,' असे कोणी म्हणते का?

शंका आली, तर गावच्या आशाताईला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

ज्यांच्या हाताला आधीच बधिरपणा आहे, त्यांनी रोज संध्याकाळी हात डोळ्यांनी तपासावेत. हाताला कळत नाही, म्हणून डोळ्यांना राखण करू द्यावी. गरम भांडे फडक्याने धरावे. विळ्या-खुरप्याच्या मुठीला चिंधी गुंडाळावी. हात पाण्यात भिजवून तेल लावावे, म्हणजे भेगा पडत नाहीत.

आणि एक शेवटचे. तुमच्या मुलाच्या हातून कप पडला, पेन गळले, अक्षर एकाएकी बिघडले, तर आधी हात उगारू नका. आधी त्याचा हात हातात घ्या. बोटे चाचपून पाहा. विचारा, "बाळा, इथे लागतं का?"

हे मी तेव्हा विचारायला हवे होते. तुम्ही विचारा.

रामराम मंडळी.